दोन दातांची मोकळी जागा

अण्णांचा कान हा आमच्या घरातला सगळ्यात मानाचा अवयव होता. अण्णा म्हणजे माझे वडील, गाड्यांचे मिस्त्री. सोलापुरात होटगी रोडच्या आतल्या अंगाला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या पाठीला लागून आमच्या दोन खोल्या. गाडी आली की अण्णा लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचे, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग दुसऱ्या हातानं डेल्को केसभर फिरवायचे. डेल्को म्हणजे जुन्या पेट्रोल गाडीतली काळी टोपी घातलेली वस्तू, जी प्रत्येक प्लगला ज्याच्या त्याच्या पाळीला करंट वाटून देते. ती जरा पुढं सरकली तर इंजिन ठोके मारतं, मागं राहिली तर चढावर दम टाकतं. हे टायमिंग बघायला एक खास दिवा मिळतो, पण अण्णांनी तो कधी हातात धरला नाही. 'दिवा लावून टायमिंग बघाया मी भैरा हाय का?' असं ते विचारायचे, आणि गॅरेजातले दोघेतिघे कामगार न चुकता हसायचे. मीही हसायचे. तेव्हा मला तो विनोद खरंच आवडायचा.

हा कान त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांकडून आला होता, असं ते सांगत. आजा सांगोल्याकडचा, मेंढरं राखणारा. म्हातारपणी त्याची नजर गेली, तरी दिवस मावळताना मेंढरं वाघुरीत, म्हणजे त्या जाळ्याच्या कोंडवाड्यात शिरू लागली की तो तोंडाशी बसून नुसत्या खुरांच्या आवाजावर ती मोजायचा. सगळ्यात पुढे घुंगूर बांधलेला दांडगा बकरा असायचा. त्याच्या पाठीला कुणी लागलं की तो उलटून टक्कर द्यायचा, म्हणून मेंढ्या त्याच्यामागे चार पावलं सोडून चालायच्या. आजा ती मोकळी चार पावलं ऐकायचा आणि म्हणायचा, 'हितनं एक.' ही गोष्ट अण्णांनी आम्हाला जेवताना इतक्या वेळा ऐकवली होती की आई शेवटचा शब्द त्यांच्या आधीच बोलून टाकायची.

घर आणि गॅरेज यांच्यामध्ये एक पत्र्याचं दार होतं. त्या दाराबद्दल सांगितल्याशिवाय माझ्या तरुणपणाबद्दल काही सांगता यायचं नाही. दाराच्या अलीकडे चूल, गॅसची शेगडी, ज्वारीच्या पिठाचा डबा, शेंगा कुटायचं दगडी उखळ आणि आई. पलीकडे ग्रीस, पेट्रोलचा वास, जुन्या टायरांची चळत आणि अण्णा. शेजारच्या घरात चार यंत्रमाग होते. त्यांची खटखट दिवसभर भिंतीतून यायची आणि दोन्हीकडे सारखीच ऐकू यायची. आमच्याकडे रेडिओ लावायची पद्धत नव्हती, कारण त्या खटखटीत तो कुणाला ऐकूच आला नसता. वीज गेली की माग बंद पडायचे आणि मग एकदम इतकं शांत व्हायचं की भाकरी तव्यावर फुगल्याचा आवाजही यायचा.

मी आयटीआयला मोटर मेकॅनिकचा ट्रेड घेतला तेव्हा वर्गात चाळीसेक मुलं आणि मी एक. सरांनी पहिल्या दिवशी विचारलं, 'शिवणकामाचा वर्ग पलीकडं आहे, चुकून आलीस का?' मी म्हटलं, 'नाही सर, मशिनच पाहिजे, पण चार सिलिंडरचं.' वर्ग हसला, सर हसले नाहीत. पुढे तेच सर मला ग्रंथालयातली पानं झेरॉक्स करून देऊ लागले, हेही लिहिलं पाहिजे. अण्णांनी मला शिकू दिलं त्यामागे काही मोठा विचार नव्हता. आयटीआय घराजवळ होती आणि फी कमी होती. शिकून झाल्यावर मी म्हटलं, आता मी गॅरेजात येणार. त्यांनी बराच वेळ कान खाजवला आणि म्हणाले, 'जेऊरच्या मंडळींचा निरोप येईस्तवर ये की. घरी बसून तरी काय करतीयास.' जेऊरला माझ्यासाठी एक स्थळ बघितलं होतं.

म्हणून मी गॅरेजात जायचे ती दहा वाजता. बाकी कामगार आठला यायचे. आठला एक मिनिट उशीर झाला की अण्णा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचे. मी मात्र पाणी भरून, धुणं करून, भाकऱ्या थापून, ऊन तापल्यावर पत्र्याचं दार ढकलून यायचे आणि अण्णा मान वर करूनही बघायचे नाहीत. त्यांना वाटायचं आपण पोरीवर लई माया करतो, तिला कधी बोलत नाही. मला त्या न बोलण्याचा इतका राग यायचा की हातातला पाना फेकून द्यावासा वाटे. ज्याच्या येण्या-न येण्यानं काम अडत नाही त्याला कोण ओरडणार? मी तिथे पाहुणी होते. पाने पुसून लावायचे, बोल्ट रॉकेलमध्ये धुवायचे, आणि एखादं इंजिन उघडलं की कामगारांच्या खांद्यावरून बघायचं.

त्या दिवसांत मूळचे नातेपुत्याचे, पण दवाखाना सोलापुरात असलेले एक डॉक्टर आमच्याकडे गाडी घेऊन आले. गाडी नव्या पद्धतीची, कॉम्प्युटरवाली. डॉक्टरांचा अण्णांवर जुना विश्वास, त्यांची आधीची गाडी अण्णांनीच वर्षानुवर्षं सांभाळली होती. तक्रार साधी होती, इंजिनाच्या पुढच्या सीलमधून तेल गळत होतं. ते सील बदलायला क्रँकची पुली काढावी लागते. क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, पिस्टन ज्याला फिरवतात तो. अण्णांनी पुली काढली आणि तिच्यामागे त्यांना एक दातेरी चकती दिसली. सगळ्या कडेनं बारीक दात, एकसारखे, आणि एका ठिकाणी शेजारशेजारचे दोन दात गायब.

अण्णा चकती हातात घेऊन उन्हात आले. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्याला मी आज दुखावलेपण म्हणेन. आमच्या लोकांत एक रीत होती, आजही आहे. आधीच्या मिस्त्रीनं काही मोडून, झाकून ठेवलेलं सापडलं तर त्याचा बोभाटा करायचा नाही, गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, मुकाट दुरुस्त करून द्यायचं. अण्णा म्हणाले, 'कुनीतरी हातोडा मारलाय आनि गप बसलाय. असली तुटकी वस्तू माज्या हातनं गाडीत जाणार न्हाय.' ते चकती घेऊन समोरच्या मुनीरचाचांकडे गेले. मुनीरचाचांचं लेथ मशिनचं दुकान, वेल्डिंगही तेच करायचे. त्यांनी चकती फिरवून फिरवून पाहिली. 'हौ उस्ताद, दो दाँत गये. पितल भरूं क्या? जल्दी हो जाता.' अण्णांना ते लागलं. 'डॉक्टरची गाडी हाय. लोखंड भर. मूळ दातासारखा दात झाला पायजे.' मुनीरचाचांनी लोखंडी तारेनं दोन दात भरले आणि दुपारभर बसून कानशीनं असे घासले की नवे कोणते ते बोटाला कळू नये. नुसता एक निळसर डाग राहिला होता, वेल्डिंगच्या आचेचा. मी ती चकती हातात घेऊन पाहिली आणि मनात म्हटलं, काय हात आहे चाचांचा!

मी काहीच बोलले नाही, कारण मला काहीच ठाऊक नव्हतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. पुढची गोष्ट सांगताना लोक मला फार हुशार ठरवतात.

चकती बसली, पुली बसली, सील नवं झालं. अण्णांनी चावी फिरवली. स्टार्टर गरगर फिरला, पण इंजिन काही पकडेना. प्लग काढून पाहिले, करंट नाही. प्लग नवे घातले, कॉइल बदलली, पेट्रोलचा पंप तपासला. अण्णांनी सवयीनं डेल्को शोधायला हात घातला आणि तो हात हवेतच राहिला, कारण त्या गाडीत डेल्को नव्हताच. फिरवायला काही नाही, सरकवायला काही नाही, आणि जे इंजिन चालूच नाही त्याचं ऐकणार काय? तीन दिवस हे चाललं. चकतीसमोर एक बोटाएवढा सेन्सर होता, तो पुण्याहून नवा मागवून घातला. तरी तेच. पुण्याच्या एका नावाजलेल्या गॅरेजवाल्यानं फोनवर सांगितलं, कॉम्प्युटर जळलाय, गाडी टो करून इकडे पाठवा. डॉक्टर म्हणाले, 'अण्णा, माझे पेशंट खोळंबलेत. उद्या संध्याकाळी मी टोची गाडी घेऊन येतो.' त्यांनी ते फार सभ्यपणे सांगितलं, आणि अण्णांना तेच जास्त लागलं. आमच्या गॅरेजातून गाडी दोरीनं ओढून नेली जाणार, ती गल्लीतून जाणार, रस्ताभर लोक बघणार. त्या रात्री त्यांनी भाकरी कुस्करली आणि तशीच ठेवली.

सकाळी मी माझी आयटीआयची वही काढली. का काढली, सांगता येत नाही, रागानंच काढली असेल. तीन दिवस मी अण्णांच्या मागे उभी होते आणि त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं की पोरी, तुमच्या शाळेत या नव्या गाड्यांबद्दल काही सांगितलं का. वहीत सरांनी दिलेल्या झेरॉक्सचं एक पान चिकटवलेलं होतं. त्यावर दातेरी चकतीचं चित्र, समोर सेन्सर. आणि चकतीच्या कडेला दोन दात पेन्सिलीनं काढलेले. माझ्याच हातानं काढलेले! मला लख्ख आठवलं, पान चिकटवताना चित्रात दोन दातांची जागा कोरी दिसली म्हणून मला वाटलं झेरॉक्स खराब आली, आणि मी पट्टी लावून नीटनेटके दोन दात भरून टाकले होते. वर शेरा मारल्यासारखं बरोबरचं चिन्हही केलं होतं.

मी तिथंच चुलीपाशी बसून खालचा इंग्रजी मजकूर डिक्शनरी घेऊन वाचला. आज हे एखाद्या पोराला दोन मिनिटांत समजावते, तेव्हा मला तास लागला. सेन्सर म्हणजे एक लोहचुंबक आणि त्यावर गुंडाळलेली तार. समोरून लोखंडी दात गेला की त्या तारेत करंटची बारीकशी उचकी येते. अठ्ठावन्न दात, अठ्ठावन्न उचक्या. कॉम्प्युटर त्या मोजत बसतो. पण सगळे दात एकसारखे असतील तर पहिला कोणता हे त्याला कसं कळणार? म्हणून कारखान्यातच दोन दात काढून टाकलेले असतात. तिथे उचकी येत नाही, नेहमीपेक्षा लांब शांतता येते. त्या शांततेनंतर ठरलेले दात मोजले की पहिला पिस्टन वर आला हे कॉम्प्युटरला पक्कं कळतं, आणि मग तो त्या हिशेबानं प्लगला करंट सोडतो. वर कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडझाप करणाऱ्या दांड्यावर आणखी एक सेन्सर असतो, तो इंजिनाच्या दोन फेऱ्यांपैकी हा कितवा ते सांगतो. पण खालची शांतताच गेली तर वरच्याच्या सांगण्याचा उपयोग नाही. आमच्या गाडीत ती शांतता अण्णांनी आणि चाचांनी लोखंड घालून बुजवली होती. कॉम्प्युटर बिचारा मोजतच सुटला होता, एक कुठून म्हणायचं तेच त्याला सापडत नव्हतं.

(खूप वर्षांनी एक गोष्ट ध्यानात आली आणि मी एकटीच हसत सुटले. चाचांच्या म्हणण्याप्रमाणे पितळ भरलं असतं तर गाडी बहुधा चालू झाली असती. पितळेला चुंबक ओळखत नाही, सेन्सरला ते दात दिसलेच नसते. अण्णांनी काम चोख करायला सांगितलं, चाचांनी चोख केलं, म्हणून गाडी बंद पडली.)

मी वही घेऊन दार ढकललं तेव्हा डॉक्टर सकाळीच येऊन बसले होते, टोवाल्याशी बोलणं झालंय हे सांगायला. मी थांबायला हवं होतं. डॉक्टर गेल्यावर अण्णांना बाजूला घेऊन सांगायला हवं होतं, असं सासरी असलेली माझी थोरली बहीण आजही म्हणते. मी नाही थांबले. मी सगळ्यांसमोर म्हटलं, 'अण्णा, ते दात मोडलेले नव्हते. ती जागा मोकळीच असती. आपण ती भरली म्हणून गाडी बंद हाय.'

कामगारांचे हात थांबले. अण्णा सावकाश माझ्याकडे वळले.

'कुनी सांगितलं?'

'वहीत हाय.'

'वहीत हाय.' त्यांनी तो शब्द असा उच्चारला की वही माझ्या हातात जड झाली. 'तुज्या जल्माआदीपास्नं मी इंजनं उगडतोय. कारखान्यातनं तुटकी चकती घालून गाडी देत्यात व्हय गं? आं? घरी जा. भाकऱ्या थाप. आनि परत हे दार उगडायचं न्हाय.'

'भाकरी बी थापीन आनि गाडी बी चालू करीन,' मी म्हटलं. मग मी गेले आणि दार आपटलं. पत्र्याचं दार आपटलं की फार मोठा आवाज होतो, ते मला माहीत होतं.

आईनं सगळं ऐकलं होतं. दोन खोल्यांच्या घरात न ऐकता येईल असं काही नसतंच. ती शेंगदाणे भाजत होती. तिनं कढई उतरवली, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, 'तुला खात्री हाय का?'

'हाय.'

'सोळा आणे?'

मी पेन्सिलीचे दात काढलेलं पान तिच्यासमोर धरलं. 'मी बी हीच चूक केली व्हती, आई. हे बघ.' तिला चित्र कळलं की नाही देव जाणे. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. 'मग आदी जेव,' ती म्हणाली. 'उपाशीपोटी कानस चालवू नगं. ते दुपारी आडवं झालं की जा.' तिनं मला गरम भाकरी, शेंगाचटणी आणि वर दही वाढलं. मी इतक्या रागात होते की दोन भाकऱ्या खाल्ल्या.

सोलापूरच्या उन्हात एक ते चार आमच्या गॅरेजात कुणी काम करत नसे. अण्णा जेवून आतल्या खोलीत आडवे झाले, कामगार घरी गेले. मी दार उघडलं. पुलीचा बोल्ट फार घट्ट होता. पान्याला लोखंडी पाइप जोडला, त्याच्यावर दोन्ही पाय ठेवून सगळं अंग टाकलं तेव्हा तो कुरकुरला. चकती काढून मी रस्ता ओलांडून मुनीरचाचांकडे गेले. ते मशिनच्या सावलीत बसून डबा खात होते. मी सांगितलं, तुम्ही भरलेले दात काढायचेत, चांगली कानस द्या. त्यांचा घास हातातच राहिला. 'मेरे हात का काम है बेटी. उस्ताद को मालूम है क्या?' मी म्हटलं, 'नाही. पण गाडी चालू झाली की कळेल.' त्यांनी डबा झाकला आणि उठून फडक्यात गुंडाळलेली बारीक दाताची कानस काढून दिली. चकतीवरच्या निळ्या डागावर बोट ठेवलं आणि म्हणाले, 'येच दो. तीसरे कू हात नक्को लगाव.'

तिसऱ्याला धक्का लागला असता तर चकती कायमची वाया, नवी कधी येणार कुणास ठाऊक, आणि अण्णांनी मला त्या घरातच नव्हे तर त्या गावातही ठेवलं नसतं. मी परत येऊन चकती व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळली आणि घासायला लागले. शेजारी माग खटखटत होते, त्यात कानशीचा आवाज बुडून जात होता. पहिला दात अर्धा उतरला आणि वीज गेली.

चारही माग एकदम थांबले. दुपार इतकी शांत झाली की माझा श्वास मलाच ऐकू यायला लागला. मी कानस उचलून धरली. आणि तेवढ्यात आतून उखळाचा आवाज सुरू झाला. धप्, धप्, धप्. आई शेंगाचटणी कुटायला बसली होती. चटणीचा डबा सकाळीच भरलेला मी पाहिला होता. मला एकदम रडू आलं आणि रागही आला, आणि मी उखळाच्या तालावर कानस चालवू लागले. ती धप् करायची, मी घासायचे. पहिला दात गेला. दुसरा अर्ध्यावर आला.

पण तो कान अण्णांचा होता.

'उकळात कानस कशापाई वाजतीया?' त्यांचा आवाज आधी आला, मग दार करकरलं. ते बनियनवर, डोळ्यांत झोप, दारात उभे. त्यांनी व्हाइसमधली चकती पाहिली, खाली पडलेला लोखंडाचा कीस पाहिला. मी हात थांबवला नाही. थांबवला असता तर पुन्हा सुरू करायचं धाडस झालं नसतं.

'सोड ते.'

'एक दात गेलाय अण्णा. आता सोडला तर ही चकती ना तुमची ऱ्हाईल ना माजी.'

'सोड म्हणतोय की मंदे!'

'आजा मेंढरं कशी मोजायचा?'

ते पुढे यायला निघालेले तिथेच थांबले. 'आँ? मदीच मेंढरं कुटनं काढली?'

'सांगा की. दिसत नव्हतं त्याला. एक कुटनं म्हणायचा?'

आतलं उखळही थांबलं होतं. मग ते अनिच्छेनं म्हणाले, 'बकऱ्यामागं जागा पडायची. तितनं.'

'ह्या कॉम्प्युटरला बी दिसत न्हाय, अण्णा. त्यो बी नुसता ऐकतोय. दात गेला की एक खूर वाजतं त्याला. आनि ही दोन दातांची जागा म्हंजे बकऱ्यामागची जागा.' कानशीचं टोक मी त्या जागेवर टेकवलं. 'ती तुमी मेंढरं घालून भरून टाकली. आता त्यो एक कुटनं म्हनंल?'

मी त्यांच्याकडे बघत नव्हते, दाताकडे बघत होते. मग त्यांची सावली माझ्या हातावर पडली. 'कानस सरळ धर,' ते म्हणाले. 'कलती धरलीस तर तिसरा घावंल.' त्यांनी माझं मनगट धरून कोन सारखा केला आणि लगेच हात काढून घेतला. दुसरा दात मीच संपवला.

चकती बसवली, पुली बसवली. त्यांनी चावी माझ्याकडे दिली नाही, स्वतःच बसले. तो त्यांचा हक्क होता, मला त्याचं वाईट वाटलं नाही. स्टार्टर फिरला, एक घेर, दोन घेर, आणि इंजिनानं असं पकडलं की जणू तीन दिवस काही झालंच नव्हतं. अण्णांनी सवयीनं स्क्रू-ड्रायव्हर उचलला, इंजिनावर टेकवला, कानाला लावला. डोळे मिटले. मग त्यांनी तो जागच्या जागी ठेवून दिला, कारण सुधारण्यासारखं त्यात काही नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टर टोवाल्याला घेऊन आले तर गाडी दारात धडधडत उभी. ते इतके खूश झाले की अण्णांचा हात दोन्ही हातांत धरला. 'पुण्याला जमलं नाही ते तुमच्या कानानं केलं अण्णा! काय बिघाड होता?' अण्णा म्हणाले, 'व्हता बारीकसा. काढला.' आणि माझ्याकडे न बघता हात पुसायला लागले.

इथे मी गप्प बसले असते तर सगळं गोड झालं असतं. अण्णांची लाज राहिली असती, मला दुपारचं ते मनगट धरणं पुरलं असतं. पण मला ते पुरलं नाही. आजही पुरणार नाही. मी पुढे झाले आणि म्हटलं, 'डॉक्टर, गाडीत बिघाड नव्हता. आमीच केलता. नसलेले दात भरले व्हते, आज मी घासून काढले.'

टोवाला हसला. डॉक्टर नाही हसले. ते अण्णांकडे बघत राहिले. अण्णांचा चेहरा लाल झाला, मग उतरला. मला वाटलं आता दार कायमचं बंद. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. 'खरंय,' ते म्हणाले. 'पोरगी खरं बोलतीया. तीन दिस तुमची गाडी माज्यामुळं उभी व्हती, डॉक्टर.' एवढं बोलून ते पत्र्याचं दार उघडून आत गेले. त्या रात्री ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. आईनं वाढलेली सगळी भाकरी मात्र खाल्ली, ताज्या कुटलेल्या चटणीबरोबर.

जेऊरच्या मंडळींचं पुढे काय झालं, असं लोक विचारतात. ते आले, चहा प्यायले आणि माझ्या नखांकडे बघून गेले. मी नखं मुद्दाम धुतली नव्हती. आता माझी पन्नाशी झाली. त्याच गॅरेजात माझा स्कॅनर आहे, लॅपटॉप आहे, नव्या गाड्यांचे सेन्सर आता पुढं-मागं दोन्हीकडचं फिरणं ओळखतात आणि कॉम्प्युटर व्हॉल्व्हची वेळ चालत्या इंजिनात बदलतो. तरी आठवड्याला एक तरी माणूस येतो, माझ्या खांद्यावरून आत बघतो आणि विचारतो, 'मिस्त्री कुटं हायत?' मी त्याला बराच वेळ आत बघू देते. वहीचं ते पान भिंतीवर काचेत आहे. पेन्सिलीचे दात मी खोडलेले नाहीत.

त्या दिवसाचं राहिलेलं एवढंच. दुसऱ्या सकाळी पहाटे उठून मी पाणी भरलं, भाकऱ्या आईवर टाकल्या आणि दार ढकललं. आठला पाच मिनिटं उशीर झाला होता. कामगार आलेले होते. अण्णा मधोमध कमरेवर हात ठेवून उभे होते. कालच्या 'परत हे दार उगडायचं न्हाय' बद्दल एक अक्षर नाही.

'किती वाजले?' ते ओरडले. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

इतके महिने मी दहाला यायचे. त्यांनी हे मला कधी विचारलं नव्हतं.

'आठ वाजून पाच,' मी म्हटलं.

'हितं आठ म्हंजे आठ! पुन्ना उशीर झाला तर घरी पाठवीन, कळलं?'

'पाठवा की,' मी म्हटलं, 'परत येईन,' आणि फळीवरून पाना उचलला.